‘तमस’ : अपराध आणि अपराधभाव

धर्मांधतेतून उद्भवणाऱ्या हिंसेचे चित्रण करू पाहणाऱ्या लेखकाला आणि दिग्दर्शकाला एक मोह नेहमी पडतो. तो मोह आगीचा. जळणारी घरे, शस्त्रे उगारून धावणारा जमाव, घोषणांचा कल्लोळ हे सारे शब्दांत आणि त्याहूनही अधिक पडद्यावर सहज परिणाम साधते. वाचक-प्रेक्षक हादरतो, हळहळतो आणि ‘ही माणसे वेडी झाली होती’ असे मनाशी म्हणून मोकळा होतो. भीष्म साहनी यांच्या हिंदी कादंबरीने हा मोह टाळला. त्याची पहिली खूण तिच्या शीर्षकातच आढळते. सांख्यांनी सांगितलेल्या तीन गुणांपैकी रज हा चंचल, प्रवृत्तिशील गुण. दंगलीची कथा सांगणाऱ्याला तोच जवळचा वाटला असता. साहनींनी मात्र नाव निवडले ते ‘तमस’. जडत्व, आवरण आणि मोह ही तमाची लक्षणे होत. हिंसेच्या मुळाशी उफाळणाऱ्या संतापापेक्षा मनाचे जड होणे, समोरचा माणूस झाकला जाणे हे अधिक खोलवर असते, असे या शीर्षकातून सुचवले जाते. १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी दूरदर्शनसाठी सुमारे पाच तासांचा चित्रपट केला आणि १९८८ च्या प्रारंभी तो भागांच्या स्वरूपात प्रक्षेपित झाला. दोन्ही कृतींचा एकत्र विचार केला असता एक प्रश्न पुढे येतो: या अंधारात अपराध कोणाचा आणि अपराधाची टोचणी कोणाला?

कादंबरीच्या निर्मितीची हकिकत या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. साहनींचा जन्म १९१५ सालचा, रावळपिंडीचा. मार्च १९४७ मध्ये त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत उसळलेला हिंसाचार त्यांनी पाहिला होता. तरीही त्यावर कादंबरी लिहिण्यास त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला. निमित्त घडले ते महाराष्ट्रात. मे १९७० मध्ये भिवंडीत भीषण जातीय दंगल झाली. त्यानंतर साहनी आपले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासोबत त्या गावी गेले. मागांच्या खडखडाटाने गजबजलेले ते गाव तेव्हा सुन्न झाले होते. जळक्या घरांमधून, ओस गल्ल्यांमधून फिरताना हे सारे आपण पूर्वी कोठेतरी पाहिले आहे अशी जाणीव त्यांना झाली. तेथून रावळपिंडीच्या आठवणींची वाट उघडली. म्हणजे फाळणीची ही कादंबरी फाळणीच्या स्मरणातून थेट जन्मलेली नाही; स्वतंत्र भारतातील एका गावाच्या राखेतून ती स्मृती वर आली. म्हणूनच ‘तमस’ला ऐतिहासिक कादंबरी म्हणणे अपुरे पडते. इतिहासातील एक प्रसंग संपलेला नाही, हे कळल्यावर लिहिलेली ती कादंबरी आहे. घटनाकाळ केवळ पाच दिवसांचा. परंतु त्या पाच दिवसांच्या पलीकडे लेखकाच्या नजरेसमोर तेवीस वर्षे उभी आहेत.

कथेचा आरंभ एका अंधाऱ्या खोलीत होतो. नत्थू हा कातडी कमावणारा चर्मकार रात्रभर एका डुकराला मारण्याची धडपड करतो आहे. गुरांच्या डॉक्टरसाहेबांना मेलेले डुक्कर हवे आहे असे सांगून मुराद अलीने त्याच्या हातावर पाच रुपये ठेवले आहेत. डुकरे मारणे हे आपले काम नव्हे, हे नत्थूला ठाऊक आहे. परंतु ज्याच्यामुळे हाताला काम मिळते त्याला नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. पहाटे ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. सारांशरूपाने सांगितली तर ही एका कटाची गोष्ट वाटते. परंतु साहनींनी या प्रकरणाला दिलेला अवकाश पाहावा. त्यांनी पानेच्या पाने त्या खोलीत काढली आहेत. मिणमिणता दिवा, कोंदट वास, घाम, वारंवार फसणारा वार, मधूनच नत्थूला वाटणारी त्या प्राण्याची भीती आणि काम उरकून घरी जाण्याची ओढ. येथे द्वेषाचा लवलेशही नाही. दंगलीतले पहिले रक्त सांडते ते मजुरीसाठी. धर्माच्या नावाने होणाऱ्या संहाराचा प्रारंभबिंदू धर्माशी काही देणेघेणे नसलेल्या एका माणसाच्या श्रमात असावा, हा या कृतीतील सर्वांत भेदक उपरोध आहे.

निहलानी हे मुळात छायालेखक. व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली त्यांनी ती विद्या आत्मसात केली. त्यांनी या प्रसंगाचे मोल ओळखले आणि चित्रपटाचा आरंभ त्यावरच केला. ओम पुरी यांचा नत्थू आणि तो प्राणी एकाच बंदिस्त जागेत कोंडले गेले आहेत. कोण कोणाला मारणार हे काही काळ अनिश्चित वाटावे, इतकी ती झटापट रेंगाळते. याच दिग्दर्शकाच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) ओम पुरी यांनी लहान्या भिकूची भूमिका केली होती. विजय तेंडुलकर यांच्या त्या पटकथेतील लहान्याला बोलायचे असते सारेच. पण तो तोंड उघडत नाही. नत्थू बोलतो, तरी त्याचीही मुख्य अवस्था मौनाचीच आहे. आपल्याला काय ठाऊक आहे ते कोणापाशी सांगावे, हा त्याचा पेच आहे. पत्नीखेरीज त्याला श्रोता नाही.

मुराद अली हा कळसूत्री हलवणारा माणूस. चित्रपटात पंकज कपूर यांनी उभा केलेला ठेकेदार तेच काम करतो. ‘ठेकेदार’ हा शब्द येथे अर्थगर्भ ठरतो. ठेका घेणारा माणूस स्वतः काही करत नाही, करवून घेतो. काम कोणते याच्याशी त्याला कर्तव्य नसते, ते पुरे झाले की पुरे. भारतीय भाषांत ‘धर्माचे ठेकेदार’ हा प्रयोग रूढ आहेच. निहलानींनी त्यातील लक्षणा जणू वाच्यार्थाच्या पातळीवर आणली आहे. मात्र याच ठिकाणी ‘तमस’च्या आकलनातील एक मोठा धोकाही दडलेला आहे. पाच रुपये देणारा सापडला की दंगलीचा उलगडा झाला, असे वाचक-प्रेक्षकाला वाटू लागते. सामान्य माणसे भोळी होती, स्वार्थी हातांनी आणि परकीय सत्तेने त्यांना भडकवले, ही मांडणी पुरोगामी समीक्षेला नेहमीच सोयीची वाटत आली आहे. कादंबरीत तिला आधार नाही असे नव्हे. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी रिचर्ड तक्षशिलेच्या अवशेषांत रमतो, बुद्धमूर्तींचा संग्रह करतो, या देशातील लोकांचा वंश एकच असल्याचे त्याला ठाऊक आहे. पण राज्यकर्त्याने साम्य पाहायचे नसते, भेद पाहायचे असतात, हेही तो पत्नीला निर्विकारपणे समजावतो. शिष्टमंडळ संचारबंदीची विनवणी करते तेव्हा तो टोलवाटोलवी करतो; सारे जळून झाल्यावर आकाशात एक विमान फिरते आणि दंगल थांबते. एका विमानाच्या घरघरीने जे थांबते ते आधीही थांबवता आले असते, हा निष्कर्ष वाचकाने काढावा अशीच ही योजना आहे.

तथापि कादंबरीचे खरे बळ कटाच्या या कथेत नाही. एका डुकराने शहर पेटते, कारण लाकडे आधीच रचून ठेवलेली असतात. साहनी या रचलेल्या लाकडांकडे वारंवार लक्ष वेधतात. रणवीर या कोवळ्या मुलाला त्याचे गुरू कोंबडी कापायला लावतात. हात कापता कामा नये, एवढाच त्या दीक्षेचा हेतू. मुलगा प्रथम ओकतो, मग कसाबसा उत्तीर्ण होतो. पुढे त्याच्याच टोळीतला एक मुलगा गल्लीतून जाणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरविक्याशी गोड बोलत चालू लागतो आणि त्याच्या पोटात सुरा खुपसतो. अत्तरविक्या त्या पोराला मायेनेच वागवत असतो. या प्रसंगात ना घोषणा आहेत, ना जमाव. शिकवलेला धडा मुलाने गिरवला, इतकेच.

शहानवाजचे प्रकरण तर संपूर्ण कादंबरीचा गाभा मानावा लागेल. हा उमदा, मैत्रीला जागणारा गृहस्थ. आपल्या हिंदू मित्राला, रघुनाथला, सहकुटुंब तो स्वतःच्या मोटारीतून सुरक्षित जागी पोहोचवतो. मित्रपत्नीचे दागिने आणण्यासाठी पुन्हा त्या घरी जातो. तेथे खिडकीतून त्याला मशिदीच्या आवारातली अंत्ययात्रेची तयारी दिसते. घर राखणारा मिलखी हा दुबळा नोकर त्याच्या पुढे जिना उतरत असतो. शहानवाजच्या मनात नेमके काय घडते हे साहनी सांगत नाहीत. तो मागून लाथ घालतो आणि मिलखी जिन्यावरून कोसळून मरणपंथाला लागतो. त्यानंतर शहानवाज दागिने मित्रपत्नीच्या स्वाधीन करतो आणि ती कृतज्ञतेने भारावते. येथे कोणी ठेका दिलेला नाही, कोणी पैसे मोजलेले नाहीत. मैत्री खरी आहे आणि लाथही खरी आहे. मित्राला वाचवणारा हात आणि नोकराला मारणारा पाय एकाच देहाचे आहेत. शिवाय बळी जातो तो नोकर. मित्राच्या बरोबरीचा माणूस नव्हे. द्वेषही आपली सामाजिक पायरी सांभाळून वार करतो, हे निरीक्षण साहनींनी एका शब्दाचेही भाष्य न करता नोंदवले आहे. शहानवाजला पश्चात्ताप होतो का? कादंबरीत त्याचा मागमूस नाही.

कृतीचा नैतिक आकृतिबंध येथे स्पष्ट होतो. मुराद अली, रिचर्ड, गुरुजी, शहानवाज, गुरुद्वारात आणि मशिदीत शस्त्रे जमवणारे पुढारी यांपैकी कोणालाही अपराधाची टोचणी नाही. ती आहे एकट्या नत्थूला. ज्याचा वाटा सर्वांत लहान, ज्याला आपण काय करतो आहोत हेही ठाऊक नव्हते, तोच ‘हे माझ्या हातून झाले’ असे म्हणत तळमळतो. अपराध आणि अपराधभाव यांची ही फारकत म्हणजेच ‘तमस’. सत्ता जसजशी वर जाते तसतशी टोचणी नाहीशी होत जाते आणि अगदी तळाशी, समाजाच्या शेवटच्या पायरीवर, सारी साचून राहते. दलित साहित्याने मराठी वाचकाला जी दृष्टी दिली आहे तिच्यातून पाहिले तर हे अधिकच ठसठशीत होते. मेलेल्या जनावराशी संबंध असलेले काम हे नत्थूच्या जातीच्या माथी मारलेले काम. त्याच कामाचा वापर करून त्याला या पापात ओढले जाते. भांडणाऱ्या धर्मसमूहांपैकी कोणीही त्याला एरवी आपल्या पंगतीला बसवले नसते. भांडण त्यांचे, पाप मात्र त्याचे.

चित्रपटाने या बाबतीत कादंबरीपेक्षा वेगळा निर्णय घेतला. कादंबरीत नत्थू आरंभीच्या प्रकरणांनंतर हळूहळू बाजूला पडतो; दुसऱ्या खंडात कथा खेड्यांकडे वळते आणि शेवटी तो मेला आहे एवढेच कळते. निहलानींनी त्याला व त्याची गर्भवती पत्नी कर्मो (दीपा साही) हिला शेवटपर्यंत सोबत ठेवले, घर सोडून निघालेल्या या जोडप्याची हरनामसिंग आणि बंतो या वृद्ध शीख दांपत्याशी गाठ घालून दिली. पडद्याच्या माध्यमाला सूत्र हवे असते, विखुरलेल्या घटनांना धरून ठेवणारा चेहरा हवा असतो. त्या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहे. त्याने मिळवलेही बरेच: अपराधभाव हा चित्रपटाचा अखंड स्वर झाला. पण काही गमावलेही. कादंबरीत नत्थूचे नाहीसे होणे हेच अर्थपूर्ण होते. ज्याच्या हाताने आग लावली गेली तो माणूस आगीच्या वर्णनातून गळून जातो आणि कोणालाही त्याची आठवण होत नाही, ही क्रूरता चित्रपटात सौम्य होते. प्रेक्षक नत्थूसाठी हळहळतो. कादंबरीचा वाचक मात्र आपणही त्याला मध्येच विसरलो होतो हे जाणवून अस्वस्थ होतो.

हरनामसिंग आणि बंतो यांच्या प्रसंगात दोन्ही कृती सर्वाधिक उंची गाठतात. गावातले चहाचे दुकान सोडून पळालेले हे जोडपे एका मुसलमान घराच्या दारात आश्रय मागते. घरात राजो ही करारी स्त्री आहे. घरातील पुरुष लुटीसाठी बाहेर गेले आहेत. ते परततात ते हरनामसिंगच्याच दुकानातली ट्रंक घेऊन. कुलूप फोडण्याची खटपट चालू असताना ट्रंकेचा मालक स्वतःच किल्ली पुढे करतो. लुटणारा आणि लुटला गेलेला यांच्यामध्ये ती किल्ली येताच सगळ्यांनाच क्षणभर लाज वाटते. ‘तमस’मध्ये प्रकाशाचे म्हणून जे काही आहे ते एवढेच: लाज. राजो संत नाही. ती कुरकुरते, संशय घेते, पाहुण्यांना ठेवून घ्यायलाही धजत नाही. तरी अंधारात त्यांना वाटेला लावताना त्यांचे दागिने परत करते. सुरेखा सिक्री यांनी ही भूमिका भावविवशतेचा स्पर्शही होऊ न देता साकारली आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटालाही राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार लाभला. दीना पाठक यांच्या बंतोसोबत हरनामसिंगची भूमिका स्वतः भीष्म साहनी यांनी केली आहे. आपलीच जन्मभूमी सोडून निघालेला लेखक आपल्याच पात्राच्या रूपाने परक्या दारात उभा राहतो, तेव्हा अभिनय आणि साक्ष यांतली रेषा पुसट होते. निहलानींचा जन्मही कराचीचा, १९४० सालचा. फाळणीत त्यांच्या कुटुंबालाही घर सोडावे लागले होते. या प्रसंगातील संयमामागे दोघांचाही अनुभव असावा.

याउलट विहिरीचा प्रसंग चिकित्सा मागतो. गुरुद्वारात अडकलेल्या स्त्रिया, हरनामसिंगची कन्या जसबीर (उत्तरा बावकर) हिच्या मागून, शत्रूच्या हाती पडण्याआधी विहिरीत उड्या घेतात. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी प्रत्यक्ष घडलेल्या घटनेची ही प्रतिकृती होय. पडद्यावर प्रार्थनेच्या स्वरात पुढे सरकणाऱ्या त्या स्त्रिया पाहताना अंगावर काटा येतो. आणि तेथेच शंका उद्भवते. हे बलिदान म्हणून पाहायचे की आणखी एक हत्या म्हणून? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या उर्वशी बुटालिया यांच्या आणि ऋतू मेनन व कमला भसीन यांच्या अभ्यासग्रंथांनी फाळणीतील अशा मृत्यूंमागे कुटुंबाच्या आणि जमातीच्या ‘अब्रू’चा किती दाब होता, हे वाचलेल्यांच्या साक्षींतून उघड केले. मरण स्वीकारणे आणि मरणाखेरीज मार्ग न ठेवला जाणे यांतील भेद त्यातून समोर आला. कादंबरीतही हा प्रसंग काहीसा उदात्त स्वरात येतो. परंतु साहनी तेथे थांबत नाहीत. पुढच्याच भागात विहिरीतली फुगलेली प्रेते येतात, दुर्गंधी येते आणि आपल्या मृत पत्नीच्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून मिळाव्यात म्हणून मदत समितीपुढे घुटमळणारा नवरा येतो. उदात्ततेवर साहनींनी स्वतःच पाणी ओतले आहे. पडद्यावरील प्रतिमेची पकड मात्र शब्दांपेक्षा चिवट असते. नंतर काहीही दाखवले तरी ती शोभायात्रेसारखी मिरवणूक डोळ्यांपुढून हटत नाही. धर्मांधतेच्या टीकेत धर्मवीरतेचे सौंदर्य असे नकळत शिरते, हे या चित्रपटाचे एक न्यून म्हणावे लागेल.

हे न्यून मान्य करूनही ‘तमस’वर प्रक्षेपणाच्या वेळी घेतले गेलेले आक्षेप टिकणारे नव्हते. चित्रपटाने जमातींमध्ये वैर वाढेल, या कारणास्तव जानेवारी १९८८ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने चित्रपट स्वतः पाहिला आणि प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. शब्दांचा परिणाम जोखताना दुबळ्या, डळमळत्या मनाचा माणूस प्रमाण मानू नये, विवेकी व खंबीर माणूस मानावा, ही न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात सांगितलेली कसोटी त्या निकालात पुन्हा उजळली. नागपुरात सांगितलेले तत्त्व रावळपिंडीच्या कथेच्या रक्षणास यावे, हे अर्थपूर्ण आहे. साहित्याच्या दृष्टीने या कसोटीचा एक अर्थ असा की, वाचकाला प्रौढ मानल्याखेरीज अशा विषयावर लिहिताच येत नाही. साहनींनी तसे मानले, म्हणून कोणत्याही जमातीला त्यांनी दोषमुक्त केले नाही आणि कोणत्याही जमातीला दोषाची धनीही ठरवले नाही. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांतील हेवेदावे, शांततेसाठी वणवण करणाऱ्या कम्युनिस्ट देवदत्तची हतबलता, साऱ्यांच्या चेष्टेचा विषय असलेला आणि जमावासमोर एकटा उभा राहून मारला जाणारा जरनैल, या सर्वांना त्यांनी एकाच समदृष्टीने न्याय दिला आहे. जरनैलकडे पाहताना मनात येते की, त्या शहरात शहाणपण शिल्लक होते ते फक्त वेड्या ठरवलेल्या माणसापाशी.

दोन्ही कृतींचे शेवट भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेतच दोन माध्यमांच्या मर्यादा व सामर्थ्य दिसते. चित्रपटाच्या अखेरीस निर्वासितांच्या छावणीत कर्मोला नत्थूचे प्रेत सापडते. तेथेच ती प्रसूत होते आणि नवजात अर्भकाच्या रडण्यात बाहेरच्या घोषणा मिसळतात. हे दृश्य निराशेला आशेची किनार लावते असे कोणी म्हणेल. ऐकू मात्र येतात त्या घोषणाच. मूल जन्मते ते त्याच अंधारात. कादंबरीचा शेवट अधिक थंड, म्हणून अधिक दाहक आहे. मदत कार्यालयात आकडेवारी गोळा करणारा बाबू दुःखाची कहाणी ऐकून घेण्यास तयार नाही. त्याला मृतांची संख्या हवी आहे, घरांची संख्या हवी आहे. मग शांतता समिती स्थापन होते, तिची बस गावोगाव निघते आणि ध्वनिक्षेपक हाती घेऊन एकतेच्या घोषणा देत पुढच्या आसनावर बसलेला असतो मुराद अली. त्याला ओळखू शकेल असा एकच माणूस होता आणि तो मेलेला आहे.

या शेवटाला सूडाचे समाधान नाही, न्यायाचे नाही, शोकाचेही नाही. ज्याने डुक्कर मारवले तोच शांततेचा पुकारा करतो आणि तो पुकारा ऐकून लोक खरोखरच घराबाहेर येतात. भिवंडीच्या गल्ल्यांत साहनींना जे पूर्वी पाहिल्यासारखे वाटले ते केवळ जळके घर नसावे. जळाल्यानंतरची ही निवांत विस्मृतीही असावी. दंगल संपते तेव्हा तमस संपत नाही. ते पुन्हा दाट होऊ लागते. साक्षीदाराची आठवण ज्या समाजाने ठेवली नाही तेथे मुराद अलीला पुढचे काम मिळण्यास अवकाश लागत नाही, हे ध्यानात घेऊनच ‘तमस’ वाचायला आणि पाहायला हवे.